एकतीस ग्रॅमची म्हातारी

यासेनिच्का,
२ जून १९९७

प्रागच्या संग्रहालयातल्या वटवाघूळ खात्यास,

महोदय,

तुमचं एक वटवाघूळ आमच्याकडे आलं आहे. हाताला तुमच्या नावाचं पत्र्याचं कडं आहे, म्हणून तुमचंच समजतो.

मी इथल्या चर्चची देखभाल करतो. घंटा, मेणबत्त्या, किल्ल्या, सगळं माझ्याकडे. काल रविवारच्या मिस्सेत फादर मेतोद यांचं प्रवचन चालू असताना हे वटवाघूळ छताच्या फटीतून सुटलं आणि थेट आगातामावशींच्या डोक्यावर पडलं. मावशी एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात ते केसांत गुंतलं. मी सोडवलं तेव्हा ते डोक्याच्या रुमालावर बसलं होतं, पण मावशींशी वाद घालायची आमच्या गावात पद्धत नाही. त्या अशा किंचाळल्या की मागच्या बाकावरचे तिघे झोपेतून उठून उभे राहिले आणि प्रार्थना म्हणू लागले.

मी ते हातमोज्यात धरलं, चष्मा लावून कड्यावरचा आकडा वाचला, ८३१०६, आणि संध्याकाळी माळ्यावर सोडून दिलं. तिथे त्याचे दोनशे तरी नातेवाईक आहेत. त्यांची घाण पोत्यांनी उपसून माझी पाठ मोडली. ती सगळी वटवाघळं तुमचीच असतील तर कृपया येऊन घेऊन जावीत.

आपला,
वेंडेलीन शोल्तीस

*

कोशित्से,
९ जून १९९७

श्री. शोल्तीस यांस,

तुमचं पत्र प्रागहून माझ्याकडे आलं, कारण तुमच्या बाजूच्या डोंगरांत वटवाघळांना कडी चढवायचं काम माझ्याकडे होतं. वटवाघळं कुणाचीच नसतात. कडं म्हणजे फक्त ओळख. आज चढवायचं आणि पुन्हा कुठे, किती वर्षांनी भेट होते याची वाट बघायची. बहुतेक वेळा ती भेट होतच नाही. म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

आता अडचण. ८३१०६ हे कडं सहा वर्षांपूर्वी एका अंगठ्याएवढ्या, अगदी वेगळ्या जातीच्या वटवाघळाला चढवलं होतं, तेही तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर. तुम्ही पकडलेलं केवढं होतं? आणि आकडा नक्की असाच होता का?

तोवर माळ्यावर कुणाला जाऊ देऊ नका. हे पिल्लांचे दिवस आहेत.

आपली,
डॉ. ओतिलिया बेन्कोवा

*

यासेनिच्का,
१३ जून १९९७

डॉक्टरबाई,

तळहाताएवढं होतं. पंख सोडून. कान उंदराच्या कानांपेक्षा मोठे, आणि हातमोज्यातून चावलं ते अजून दुखतंय. अंगठ्याएवढं वगैरे काही नाही.

आकड्याबद्दल म्हणाल, तर मी मार्गिताला, म्हणजे माझ्या बायकोला, ओरडून सांगितला आणि तिने लिहून घेतला. ती म्हणते, चष्मा दहा वर्षांपूर्वीचा, कड्यात मातीचा थर, आणि तुला घरात बायको आणि कपाट यातला फरक दिसत नाही. पहिला आकडा आठ असेल किंवा तीन असेल, एवढं मी कबूल करतो. यापुढे एक आकडासुद्धा मागे हटणार नाही.

माळ्यावर बाहेरचं कुणी जात नाही, काळजी नसावी. शेवटचं कुणी कधी गेलं होतं तेही मला पक्कं आठवतं, कारण तो माझ्या लग्नाचा दिवस होता, ११ जुलै १९६४. आम्ही दोघं वेदीपुढे गुडघे टेकून बसलो होतो. तेवढ्यात वरती कडकड आवाज झाला, चुना पडला आणि छतातून एक पाय खाली आला. निळा मोजा, एक बूट. गुडघ्यापर्यंत. जरा वेळ हालला आणि वर निघून गेला. तेव्हाच्या फादरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि लग्न पुढे चालू ठेवलं. मार्गिताची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की तो अपशकुन होता. भोकाला मीच फळी ठोकली. फट राहिली ती राहिलीच.

आपला,
वेंडेलीन शोल्तीस

*

कोशित्से,
१७ जून १९९७

प्रिय श्री. शोल्तीस,

हे पत्र मी उभ्यानेच लिहितेय. बसवतच नाहीये.

तुमचा आठ म्हणजे तीन आहे. ३३१०६. जुनी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: मोठ्या कानांचं वटवाघूळ, मादी, पूर्ण वाढलेली, वजन एकतीस ग्रॅम, यासेनिच्का, चर्चचा माळा. तारीख ११ जुलै १९६४.

निळा मोजा माझा होता. मी तेवीस वर्षांची होते आणि हे माझं पहिलंच स्वतंत्र काम होतं. खाली लग्न चालू आहे हे मला पाय खाली गेल्यावर कळलं. माझ्या सरांनी मला काखेत धरून ओढून काढलं, आणि आम्ही मागच्या शिडीने पळालो. तेहेतीस वर्षांनी तुमची आणि मार्गिताबाईंची क्षमा मागते. बूट लागला तर नव्हता ना कुणाला?

पण आता नीट ऐका. तुमच्या घरातला उंदीर वजनाला तिच्याच आसपासचा. तो शेतात असेल तर वर्षभर जगला तरी नशीब, पिंजऱ्यात लाड करून ठेवला तर तीन वर्षं. आणि ही? मी कडं चढवलं तेव्हाच मोठी होती, म्हणजे आज किमान चौतीस. एवढ्या म्हाताऱ्या वटवाघळाला भेटलेली माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी असतील. तुम्ही त्यातले एक आहात, आणि ते तुम्हाला चावलंसुद्धा.

तुमची,
ओतिलिया बेन्कोवा

*

यासेनिच्का,
२१ जून १९९७

ओतिलियाबाई,

मार्गिता पत्र वाचून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, तो अपशकुन नव्हता, पाहुणी होती, आणि जेवायला न थांबता गेली. तुमचं हालुश्कीचं ताट तेव्हापासून बाकी आहे म्हणे.

पण एक वाईट बातमी. चर्चचं छप्पर गळतं. ७ जुलैला कारागीर येणार, जुने पत्रे काढणार, तुळयांना किडीचं औषध मारणार आणि सगळ्या फटी बंद करणार. मला आधी वाटलं होतं, बरं झालं, पोती उपसायची कटकट गेली. आता तसं वाटत नाही. रविवारी, २९ तारखेला, मिस्सेनंतर सगळ्या गावाची बैठक आहे. तुम्ही काही लिहून पाठवलंत तर मी वाचून दाखवीन.

आणि एक खासगी विचारायचं आहे. ती एवढी जगली कशी? ती काय करते, काय खाते, ते मला सविस्तर कळवा. सहज नाही विचारत. आमच्या घरातले पुरुष साठी पाहत नाहीत. आजोबा सत्तावन्नला गेले, वडील अठ्ठावन्नला, थोरला भाऊ एकोणसाठला. माझा साठावा वाढदिवस २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे असता. हे मार्गिताला लिहू नका.

वेंडेलीन

*

कोशित्से,
२५ जून १९९७

प्रिय वेंडेलीन,

बैठकीसाठीचं पत्र सोबत वेगळ्या पाकिटात आहे, शिक्क्यासह. मागणी एकच आहे: कामाला हरकत नाही, पण ते ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत करा. तेव्हा सगळी मंडळी गुहांमध्ये झोपायला गेलेली असतात. आत्ता वर पिल्लं आहेत, एकेका आईला एकेकच, आणि ती अजून उडत नाहीत. फटी बंद झाल्या तर एकही वाचणार नाही.

आता तुमचा प्रश्न. साधारण नियम असा की जीव जेवढा मोठा तेवढा जास्त जगतो. हत्ती उंदरापेक्षा, घोडा सशापेक्षा. वटवाघूळ हा नियम मोडतं. का मोडतं यावर आम्ही आयुष्यभर भांडत आलो आहोत. एक कारण म्हणजे हिवाळ्याची झोप. पाच महिने ती गुहेत उलटी टांगून असते, अंग दगडाइतकं थंड, हृदय मिनिटाला दहाबारा ठोके. खाणं नाही, हालचाल नाही, श्वाससुद्धा थांबून थांबून. उडताना तेच हृदय मिनिटाला शेकडो ठोके देतं. म्हणजे आयुष्यातला बराच काळ ती जणू वापरतच नाही. दुसरं कारण म्हणजे उडणं, पण ते पुढच्या पत्रात. टपाल निघायची वेळ झाली.

साठीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला आवडलं नाही. त्यावर मी विचार करतेय.

ओतिलिया

*

यासेनिच्का,
३० जून १९९७

ओतिलियाबाई,

झालं ते सगळं क्रमाने सांगतो.

मिस्सेनंतर कुणी घरी गेलं नाही. मी पुढे उभा राहून तुमचं पत्र वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. फादर मेतोद चांगले आहेत, त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "वेंडेलीन, कारागीर जुलैत मोकळे आहेत. थांबलो तर सगळा उन्हाळा पाऊस वेदीवर पडेल. मी माणसांचा पाद्री आहे, पाखरांचा नाही."

मग युराय हुडाक उठला. तो आमच्या समितीचा अध्यक्ष आहे. त्याने माझ्या हातातून कागद घेतला, नाकाजवळ नेला आणि मोठ्यांदा म्हणाला, "हा शिक्का कुठला आहे पाहिलंत का? चेकोस्लोव्हाकियाचा! तो देश चार वर्षांपूर्वी संपला. आता मेलेल्या देशाच्या हुकमाने आम्ही छप्पर थांबवायचं?" सगळं चर्च हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "शिक्का जुना असेल, पण वटवाघूळ जिवंत आहे." ते कुणी ऐकलंच नाही.

तेवढ्यात आगातामावशी उठल्या. मला वाटलं, आता मी संपलो. त्यांनी काठी फरशीवर आपटली आणि मला विचारलं, "किती साली चढवलं म्हणालास ते कडं?"

"चौसष्ट साली, मावशी."

"म्हणजे ती माझ्या डोक्यावर पडली ती तेव्हापासून इथेच येते?"

"दर वर्षी, मावशी. वसंतात येते, शरदात जाते."

मावशी वळल्या आणि युरायकडे पाहिलं. "युराय, सत्तर साली तू कुठे होतास? कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीत होतास. आईच्या अंत्यविधीला तू या दाराबाहेर झाडाखाली उभा राहिलास, कुणी पाहील म्हणून. मी पाहिलं तुला. शाळामास्तर, तू पोरीचा बाप्तिस्मा तिसऱ्या गावात जाऊन केलास. मी कुणाला दोष देत नाही, दिवसच तसे होते. पण त्या दिवसांतसुद्धा ही वर होती. तेहेतीस वर्षं चर्चमध्ये येणारं दुसरं कोण आहे इथे? हात वर करा."

मावशींचा स्वतःचा आणि माझा सोडून एकही हात वर गेला नाही. माझासुद्धा मी अर्धाच केला, कारण सैन्यात गेलो तेव्हाची दोन वर्षं धरायची की नाही ते कळेना.

मावशी म्हणाल्या, "तिला बाहेर काढायचं असेल तर आधी मला काढा." आणि खाली बसल्या. मग जरा वेळाने पुन्हा उठून म्हणाल्या, "पण केसांत गुंतली होती हे खरं आहे."

फादर मेतोदांनी मान खाली घातली होती. खांदे हलत होते. आधी वाटलं रडतायत, पण ते हसत होते. मग म्हणाले, "काम ऑक्टोबरमध्ये. कारागिरांशी मी बोलतो. वेंडेलीन, बादल्या किती आहेत आपल्याकडे?"

बादल्या अकरा आहेत. गावातून आणखी चौदा आल्या. एक युरायने स्वतः आणून दिली.

वेंडेलीन

*

यासेनिच्का,
१४ जुलै १९९७

डॉक्टर बेन्कोवा,

हे पत्र मार्गिता शोल्तीसोवाकडून आहे. वेंडेलीनला माहीत नाही.

तुम्ही माझ्या नवऱ्याला काय लिहून पाठवलंत? दहा दिवस झाले, तो बटाट्याच्या तळघरात झोपतो. उन्हाळ्यात! म्हणतो, अंग थंड ठेवलं की हृदयाचे ठोके वाचतात. रात्रीचं जेवण बंद केलंय. लाकडं फोडत नाही, गवत कापत नाही, घंटा वाजवायला आमच्या भाच्याला पाठवतो. परवा मी जोरात बोलले तर म्हणाला, "हळू बोल, माझे ठोके खर्च होतात." मी त्याचे जे ठोके खर्च करीन ते त्याला वेगळे कळतील.

हसण्यासारखं आहे हे मलाही कळतं. पण डॉक्टरबाई, तो हे गमतीने करत नाहीये. हिवाळ्यापासून त्याच्या छातीत दुखतं. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबतो आणि खिडकीतून बाहेर बघतोय असं दाखवतो. डॉक्टरकडे जात नाही. म्हणतो, आमच्यात साठी लिहिलेलीच नाही, मग कशाला? तुमचं तो ऐकतो. वटवाघळाचं निमित्त करून का होईना, काहीतरी लिहा.

मार्गिता

*

कोशित्से,
१८ जुलै १९९७

प्रिय वेंडेलीन,

बैठकीचं पत्र मी चार जणांना वाचून दाखवलं. शिक्क्याबद्दल युराय हुडाकचं बरोबर आहे. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. तो शिक्का आणि ते कागद घरी आणले होते, टाकवत नव्हते म्हणून. मला वाटलं खेड्यात कोण बघतंय. माझीच फजिती झाली.

आता एक काम करा. तुमच्या घरातल्या पुरुषांची यादी पाठवा: कोण, कितव्या वर्षी, आणि कशाने गेलं. प्रत्येक प्राण्याची नोंद आम्ही अशीच ठेवतो. वय लिहून भागत नाही, कारण लिहावं लागतं.

आणि तळघरातून वर या. कुणी सांगितलं ते विचारू नका. वटवाघूळ थंडीत झोपतं कारण त्याचं शरीर तसं घडलंय. माणूस थंडीत झोपला तर त्याला फक्त सर्दी होते.

ओतिलिया

*

यासेनिच्का,
२७ जुलै १९९७

ओतिलियाबाई,

मार्गितानेच सांगितलं असणार. सर्दी झाली हे मात्र खरं आहे.

यादी खालीलप्रमाणे. आजोबा श्टेफान, सत्तावन्न, जंगलात झाड पाडताना ते चुकीच्या बाजूला पडलं. वडील होन्झो, अठ्ठावन्न, लोखंडाच्या खाणीत पस्तीस वर्षं, छातीत धूळ भरून गेले. भाऊ इम्रिख, एकोणसाठ, मोटारसायकल आणि स्लिवोवित्सा दारू, दोन्ही एकाच वेळी. त्याआधीचे पणजोबा युद्धातून आले नाहीत, त्यांचं वय कुणाला नीट माहीत नाही, पण साठ नक्कीच नव्हतं.

बघितलंत? एकही नाही.

वेंडेलीन

*

कोशित्से,
३ ऑगस्ट १९९७

प्रिय वेंडेलीन,

तुमची यादी माझ्यासमोर आहे. तेहेतीस वर्षं मी याच कामात घालवली, म्हणून हे मी अधिकाराने सांगते. यावेळी शिक्का नाही, नुसतं डोकं आहे.

शेतातला उंदीर वर्षाच्या आत का मरतो? म्हातारा होतो म्हणून नाही. म्हातारा व्हायच्या आधीच त्याला घुबड खातं, किंवा मांजर, किंवा कोल्हा. ज्या जातीला रोज असं मरण समोर असतं, तिचं शरीर लांबचा विचारच करत नाही. भराभर वाढायचं, भराभर पिल्लं घालायची, दुरुस्तीवर वेळ घालवायचा नाही, कारण दुरुस्त केलेलं वापरायला उद्या मिळेलच याची खात्री नाही. वटवाघूळ उडून सुटतं, अंधारात, उंच, माळ्यावर. त्याला उद्या मिळतो. म्हणून हजारो पिढ्यांमध्ये त्याचं शरीर टिकाऊ होत गेलं. कासवाला कवच आहे, त्याचंही तसंच. मागे लिहायचं राहून गेलेलं उडण्याचं कारण ते हे.

आता तुमच्या घराकडे बघा. झाड, खाण, मोटारसायकल, युद्ध. वेंडेलीन, यातलं एकही म्हातारपणाने गेलेलं नाही. सगळ्यांना घुबडांनी खाल्लं. शोल्तीस माणूस सुखाने ठेवला तर किती वर्षं जगतो, हे जगात कुणालाच माहीत नाही, कारण अजून एकाच्याही बाबतीत ते बघायला मिळालेलं नाही. तुम्ही पहिले आहात. तुम्ही झाडं पाडत नाही, खाणीत गेला नाहीत, मोटारसायकल तुमच्याकडे नाही.

पण तुमच्या छातीत एक घुबड बसलेलं आहे, आणि ते हिवाळ्यापासून बसलंय हे मला कळलंय. त्याच्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करू नका. डॉक्टरकडे जा. मी विज्ञानासाठी मागतेय असं समजा. अर्धवट सोडलेली नोंद मला चालत नाही.

ओतिलिया

*

शहरातल्या इस्पितळातून,
२६ ऑक्टोबर १९९७

ओतिलियाबाई,

तीन महिने लिहिलं नाही याचा राग आला असेल. तुमची मधली तीनही पत्रं मार्गिताने इथे आणून दिली. शेवटच्यात नुसतं "आहात का?" एवढंच होतं. आहे.

तुमचं घुबडाचं पत्र मी महिनाभर खिशात ठेवून फिरलो. मग सप्टेंबरात डॉक्टरकडे गेलो. त्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला, हृदयाच्या तीन नळ्या बुजल्यात, हिवाळा निघणार नाही, छाती उघडावी लागेल. आणि तारीख दिली २० ऑक्टोबर. मी म्हटलं, "डॉक्टर, दुसरा कुठलाही दिवस द्या, तो माझा साठावा वाढदिवस आहे, आमच्या घरात तो दिवस कुणी पाहिलेला नाही." तो तरुण पोरगा, कागदातून डोकं वर न काढता म्हणाला, "तुम्हीही नाही पाहणार. तुम्ही झोपलेले असाल."

तसंच झालं. सकाळी सातला भूल दिली, जाग आली तेव्हा मी साठ वर्षं एक दिवसाचा होतो.

आणि आता ऐका. नंतर मी त्या डॉक्टरला विचारलं, "छाती उघडून नेमकं काय केलंत?" तो म्हणाला, "तुमचं अंग गार केलं, हृदय थांबवलं, तासाभराने परत सुरू केलं." मी म्हटलं, "पुन्हा सांगा." त्याने पुन्हा सांगितलं. मी हसायला लागलो, छातीला इतके टाके असताना, आणि नर्स धावत आली. तळघरात इतके दिवस झोपून मला जे जमलं नाही ते यांनी एका सकाळी करून दिलं. डॉक्टरला मी सगळी गोष्ट सांगितली. तो संध्याकाळी ड्युटी संपल्यावर खुर्ची घेऊन परत आला आणि म्हणाला, त्या वटवाघळाचं आणखी सांगा.

मार्गिता शेजारी बसली आहे. ती म्हणते, लिही की तुमच्या पायाने माझं लग्न मोडलं नाही, पण तुमच्या पत्राने टिकवलं. मी लिहितोय, पण हे तिचं बोलणं आहे, मी असलं बोलत नाही.

छपराचं काम सुरू झालंय. फटी मोजून तेवढ्याच ठेवायच्या, असं फादर मेतोद स्वतः वर चढून कारागिरांना सांगतात. पण नवा पत्रा, नव्या लाकडाचा वास. वटवाघळं परत येतील का?

वेंडेलीन

*

यासेनिच्का,
१५ जून १९९८

ओतिलियाबाई,

ईस्टरला एकही आलं नाही. आठवड्याने अकरा आली. हे मी तुम्हाला कळवलंच होतं. मे महिन्यापासून रोज संध्याकाळी आम्ही चर्चसमोरच्या बाकांवर बसून बाहेर पडणारी मोजतो. आधी मी आणि मार्गिता, मग आगातामावशी उशी घेऊन यायला लागल्या, मग अर्धा गाव. युराय प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा दहा जास्त मोजतो. कालपर्यंत दोनशे सहा झाली. पण म्हातारी त्यांत आहे की नाही, हे बाकावरून कसं कळणार?

तुम्ही सांगितलं होतंत की जूनच्या मध्यात एकदा, दिवसा, अगदी शांतपणे वर जाऊन दुर्बिणीने बघा, पाच मिनिटांहून जास्त नाही. मला शिडी चढायची बंदी आहे, डॉक्टरची आणि मार्गिताची, त्यातली दुसरी जास्त कडक. म्हणून काल मिस्सेनंतर फादर मेतोद म्हणाले, "मी जातो." झगा कमरेला खोचला आणि तुम्ही पाठवलेली दुर्बीण गळ्यात घालून चढले. आम्ही सगळे खाली. कुणी खोकत नव्हतं.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. मार्गिता कुजबुजली, "पाय खाली आला तर मी यावेळी पकडणार."

मग माळ्याच्या दारातून फादरांचं डोकं दिसलं, केसांत कोळिष्टकं. ते ओरडायला गेले आणि मग आठवलं म्हणून एकदम हळू आवाजात म्हणाले, "आहे. कडं आहे. काळं पडलंय, पण आहे."

आगातामावशींनी क्रूसाची खूण केली.

"आणि वेंडेलीन," फादर म्हणाले, "तिच्या पोटाशी काहीतरी आहे. गुलाबी. अक्रोडाएवढं. मला वाटलं जखम झालीय. मग त्याने जांभई दिली."

ओतिलियाबाई, पस्तीस वर्षांची, आणि पिल्लू! असं कुठे लिहिलेलं आहे का मला माहीत नाही, तुम्ही शोधा. मी वेदीच्या पायरीवर बसलो, हात छातीवर. मार्गिता बाकांवरून उडी मारून आली, साठीच्या जवळची बाई, आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "वेंडेलीन! छातीत दुखतंय का? बोल ना!"

मी म्हटलं, "छातीत काहीतरी होतंय गं, पण दुखत नाहीये."

वेंडेलीन